तारीख आधी, दगड नंतर

सांगलीच्या गावभागातल्या एका जुन्या तालमीच्या स्थापनेचा फलक नव्याने करून बसवायला साडेपाच महिने लागले. दगड कापणे, अक्षरे खोदणे, भिंतीवर चढवणे यात त्यातले जेमतेम तेरा दिवस गेले. बाकीचा वेळ खाल्ला तो एका शब्दाने: स्थापना. तालमीचे नाव आणि तिची तारीख इथे देत नाही. काम कसे केले, कुठे अडले आणि का अडले, एवढेच लिहितो आहोत. जुनी तालीम, वाचनालय, बंधुमंडळ किंवा कॅम्पातले फ्रीमेसन लॉज (फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघाची शाखा), यांपैकी कुणाचाही फलक करायला घेतला तरी वाट साधारण हीच असते.

जुना फलक संगमरवरी होता. दीड फूट बाय एक फूट, दाराच्या उजव्या हाताला, उजवा खालचा कोपरा उडालेला. त्यावर चुना, डिस्टेंपर आणि ऑइलपेंट असे थर एकावर एक चढलेले. असा फलक दिसला की कुणीतरी बाथरूमचे ॲसिड घेऊन येतोच. ते आधी हातातून काढून घ्यावे. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच भाऊ. ॲसिड पडले की फसफसतो आणि वरचा थर अक्षराच्या कडांसकट विरघळतो. तारेचा ब्रशही नको. चुन्याचे थर साध्या पाण्याने तासभर भिजवून बांबूच्या चपट्या कामटीने निघतात. ऑइलपेंटला रंग काढायचे जेलसारखे रसायन लावून, दहा-पंधरा मिनिटांनी फुगलेला रंग लाकडी पट्टीने सरकवायचा. मग भरपूर पाणी आणि मऊ ब्रश. आधी एका कोपऱ्यात दोन बोटे जागेवर करून बघायचे, कारण खोदलेल्या अक्षरांत मूळचा काळा रंग शिल्लक असतो आणि तो रसायनाने वरच्या रंगाबरोबर निघून जाऊ शकतो. आमच्या फलकावर तो दोन ओळींत टिकला होता. त्या ओळींना रसायन लावलेच नाही. तिथले थर ब्लेडने, नखाएवढ्या तुकड्यांनी काढले. दोन ओळींना अख्खा दिवस गेला.

झिजलेली अक्षरे वाचायला उजेड समोरून टाकून उपयोग नसतो. रात्री बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरकी धरली की प्रत्येक खड्ड्यात सावली पडते आणि दिवसा कोरी दिसणारी ओळ उठून येते. वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून अशा चार दिशांनी उजेड टाकून प्रत्येकी एक फोटो घ्यायचा. कॅमेरा स्टँडवर, फ्लॅश बंद. शिरोरेषा आडवी असल्याने ती वरच्या-खालच्या उजेडात दिसते; काना, दंड आणि आकड्यांच्या उभ्या रेघा बाजूच्या उजेडात. एकाच फोटोवर विसंबले तर १ आणि ९ यांत फसायला होते, कारण झिजलेल्या ९ ची गाठ आधी जाते आणि मागे दंडच उरतो. दिवसाच काम करायचे असेल तर आरशाने ऊन तिरके पाडता येते. शिवाय पातळ कागद ताणून चिकटवून त्यावर मेणाचा काळा खडू आडवा फिरवला की ठसा मिळतो. अक्षरे उठावीत म्हणून खडूची पूड, गुलाल किंवा हळद चोळू नये. सांगलीत हळदीला तोटा नाही, पण संगमरवरात शिरलेली हळद बाहेर काढणे अवघड जाते.

काही जुन्या फलकांवर शिशाची अक्षरे असतात. खोदलेल्या खाचेत छोटी भोके पाडून त्यांत शिसे ठोकून बसवलेले असते. शिसे निखळले तरी भोके राहतात. एकेका अक्षराला दोन-तीन भोके आणि त्यांच्या जागा यांवरून ‘म’ होता की ‘भ’ होता हे बऱ्याचदा ठरवता येते. म्हणून अशी भोके बुजवण्याआधी त्यांचा मोजून नकाशा काढावा.

आता तारीख. उडालेल्या कोपऱ्याबरोबर शकाचा शेवटचा आकडा गेला होता, पण संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचे, नाव शाबूत होते. हे पुरेसे असते. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचे, बाकी उरेल तो प्रभवापासून मोजलेला संवत्सराचा क्रमांक; बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. रीत बरोबर आहे का हे सगळ्यांना पाठ असलेल्या तारखेवर पडताळता येते. शिवराज्याभिषेक शके १५९६, आनंदनाम संवत्सर. १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८. ६० ने भागून बाकी ४८. अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंदच. आता समजा फलकावर ‘शके १८४’ एवढेच उरले आहे आणि पुढे ‘रक्ताक्षी’ वाचता येते. रक्ताक्षी अठ्ठावन्नावा. १८४० ते १८४९ या दहा शकांत ५८ बाकी फक्त १८४६ ला येते. आकडा सापडला. त्यात ७८ मिळवले की १९२४. मात्र शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, त्यामुळे तिथी १ जानेवारीनंतर पडणारी, बहुधा पौष, माघ किंवा फाल्गुनातली, असेल तर ७९ मिळवायचे. तालमींच्या बाबतीत हा घोळ कमी होतो, कारण मुहूर्त बहुधा हनुमान जयंतीचा, दसऱ्याचा किंवा नागपंचमीचा असतो. वाचनालये आणि मंडळे मात्र माघातल्या गणेश जयंतीलाही निघालेली आहेत. तिथे वर्षाचा फरक पडतो.

तिथीवरून नेमकी तारीख काढायची तर जुने पंचांग लागते. संगणकावरच्या गणितावर एकट्यावर भिस्त ठेवू नये, कारण क्षयतिथी (गळालेली तिथी) आणि वृद्धितिथी (दोन दिवस आलेली तिथी) यांत एका दिवसाचा फरक सहज पडतो. मूळ मजकुरात वार असेल तर तोच पंच. तिथी आणि वार जुळले नाहीत तर तारीख खोदू नये, तिथीच खोदावी. फलकावर ‘चैत्र शुद्ध पौर्णिमा, शके अमुक’ असे कायम खरे राहील. चुकीची इंग्रजी तारीख दगडात गेली की ती पुढे लोकांच्या तोंडात बसते.

जुन्या वह्यांत आणखी एक सापळा आहे. सांगलीच्या बाजारपेठेत गुजराती आणि मारवाडी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तालमींना त्यांच्या देणग्याही होत्या, आणि त्यांच्या पावत्यांवर विक्रम संवत असतो. ‘संवत १९८०’ पाहून एकाने ती पावती अगदी अलीकडची म्हणून बाजूला टाकली होती. तो इसवी सनाचा १९२३-२४ चा कागद होता. पेशवाईच्या अमदानीतला मोडी कागद निघालाच तर सुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांतली जुनी कालगणना, भेटतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. तिथे मात्र मोडी वाचणारा जाणकार शेजारी बसवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एवढे करून जी तारीख हाती येते ती कशाची, हा पुढचा प्रश्न, आणि खरे महिने यातच गेले. तालमीच्या बाबतीत चार तारखा हमखास निघतात: आखाड्याच्या हौदात पहिली माती पडली ती, मारुतीची प्रतिष्ठापना झाली ती, पक्की इमारत उभी राहिली ती आणि नोंदणी झाली ती. कोनशिला इमारतीची असते आणि लोक ती संस्थेची समजतात. आमच्या संगमरवरी फलकावर नीट वाचल्यावर शब्द निघाला तो ‘पायाभरणी’. म्हणजे इतकी वर्षे ज्या दिवशी वर्धापनदिन साजरा झाला तो इमारतीचा होता. तालीम त्याच्या आधीची, किमान नऊ वर्षांनी. हे जमाखर्चाच्या वहीतून कळले: इमारतीच्या आधीच्या वर्षांत तांबडी माती, ताक, तेल आणि हळद यांचे खर्च सलग पडलेले आहेत. ही चौकडी आखाड्याची माती मळायला लागते. इमारत नव्हती, पण हौद होता आणि त्यात कुणीतरी लढत होते.

नोंदणीची तारीख सगळ्यांत फसवी. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा. तो लागू झाल्यावर जुन्या संस्थांनाही नोंदणी करावी लागली. त्यामुळे १९५२ नंतरच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदणीपत्रांची रासच सापडते. त्या कागदाला स्थापनेचा पुरावा मानले तर निम्म्या जुन्या संस्था एकाच वयाच्या ठरतील. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे संस्थेच्या नोंदीचा, उतारा जरूर काढावा, पण त्यातले ‘स्थापना वर्ष’ अर्जदाराने त्या वेळी आठवणीने सांगितलेले असू शकते हे ध्यानात ठेवून. नगरपालिकेचा घरपट्टीचा उतारा आणि सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका जागेबद्दल सांगतात, संस्थेबद्दल नाही.

पत्त्यावरूनही कागदाचे वय कळते. सांगली संस्थान ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये जो जिल्हा झाला त्याचे नाव दक्षिण सातारा. सांगली जिल्हा हे नाव १९६० मध्ये आले. म्हणून ज्या बिनतारखेच्या छापील आवाहनावर ‘जि. दक्षिण सातारा’ आहे ते या अकरा वर्षांतलेच. आणि १९२४ च्या घटनेच्या फलकावर ‘सांगली जिल्हा’ खोदायला निघालेले लोकही आम्ही पाहिलेत. त्या वर्षी सांगली ही पटवर्धनांची संस्थानी राजधानी होती. घटना ज्या काळची, जागेचे नाव त्या काळचे. हवे तर ‘सांगली’ एवढेच लिहावे, ते नेहमीच बरोबर.

फ्रीमेसन लॉजचे फलक या बाबतीत शिकण्यासारखे असतात. लॉजला सनद मिळाल्याची तारीख वेगळी आणि विधिपूर्वक प्रतिष्ठा झाल्याची तारीख वेगळी; जाणत्या फलकावर कोणती कशाची ते स्पष्ट लिहिलेले असते. लंडनमधले पहिले ग्रँड लॉज २४ जून १७१७ ला चार लॉजांनी मिळून, सेंट पॉलच्या आवारातल्या ‘गूज अँड ग्रिडआयर्न’ नावाच्या मद्यगृहात स्थापले असे त्यांची परंपरा सांगते. ते घर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडले. तिथे फलक ‘या इमारतीत’ म्हणू शकत नाही, ‘या जागेजवळ’ म्हणावे लागते. लॉजच्या दगडावर ५९२४ असा आकडा दिसला तर तो कलियुगाचा समजू नये. ते लोक इसवी सनात ४००० मिळवून आपले वर्ष लिहितात; ५९२४ म्हणजे १९२४. कलियुगाचे वर्ष शकात ३१७९ मिळवून येते, म्हणजे शके १८४६ ला ५०२५. दोन्हींत नऊशे वर्षांचे अंतर आहे, त्यामुळे एकदा माहीत झाले की गोंधळ होत नाही. लॉजच्या क्रमांकाचेही तसेच. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १८३२ आणि १८६३ मध्ये सगळ्या लॉजांचे क्रमांक पुन्हा लावले. फलकावर एक क्रमांक आणि सनदेवर दुसरा दिसला तर आधी या सालांकडे बघावे. स्कॉटलंडच्या सनदेची लॉजे वेगळ्या यादीत असतात, आणि भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ चे. नव्या दगडावर चिन्ह काढताना ते इंटरनेटवरून उचलू नये, जुन्या दगडावरून ठसा घ्यावा. कर्कटकाची टोके गुण्याच्या वर आहेत की खाली यालाही त्यांच्यात अर्थ असतो. गुण्या हे पाथरवटाचेच हत्यार. चिन्ह खोदणाऱ्याच्या पिशवीत तो असतोच, त्यामुळे हे काम तो जरा जास्त मन लावून करतो.

तारीख आणि ती कशाची हे ठरले की ठराव करून घ्यावा. ठरावात मजकूर जसाच्या तसा, विरामचिन्हांसकट. नाहीतर दगड कापायच्या आदल्या दिवशी दोन नावे वाढतात. आमच्याकडे पहिला मसुदा एकशे साठ शब्दांचा आला होता, त्यातले नव्वद शब्द आजी-माजी पदाधिकाऱ्यांची नावे. हिशेब मांडून दाखवला. फलक तीन फूट बाय दोन फूट. कडेने दोन इंच सोडले की रुंदी ३२ इंच, उंची २० इंच. दहा फुटांवरून आरामात वाचायला अक्षराची उंची एक इंच हवी. मराठीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरे, त्यामुळे दोन ओळींतले अंतर अक्षराच्या दुप्पट, म्हणजे दोन इंच. एकूण दहा ओळी. शीर्षकाने दोन खाल्ल्या, उरल्या आठ. ओळीला पाच-सहा शब्द. चाळीस ते पंचेचाळीस शब्द, त्यापुढे एकही नाही. देणगीदारांचा वेगळा फलक आत, ऑफिसच्या भिंतीवर लावायचे ठरले तेव्हा सुटका झाली. उद्घाटकाचे नाव तालमीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात असलेले फलक गावोगाव आहेत. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला ते उद्घाटकाचे स्मारक वाटते.

मजकुरात ‘या वास्तूत’, ‘या जागी’ आणि ‘या परिसरात’ हे तीन शब्द अदलाबदलीचे नाहीत. इमारत नंतरची असेल तर ‘या जागी’. पुनर्बांधणीला ‘जीर्णोद्धार’ म्हणायची हौस असते. जुने पाडून स्लॅब टाकला असेल तर तो जीर्णोद्धार नव्हे, ‘नवी इमारत बांधली’ असे सरळ लिहावे.

मग अक्षरे. फलक करणारी बहुतेक दुकाने अजून जुन्या फाँटवर काम करतात. तुम्ही युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर तिथे रूपांतरित होतो आणि नेमकी जोडाक्षरे मोडतात: ‘द्घ’, ‘ह्य’, ‘ऱ्या’, ‘र्ष’. ‘उद्घाटन’ चे ‘उद्‍घाटन’ किंवा ‘उध्दाटन’ होऊन येते. पाय मोडलेला, रफार हरवलेला ‘वर्षे’ दगडावर गेलेला आम्ही पाहिला आहे. दुसरे म्हणजे ‘ल’ आणि ‘श’. मराठी वळणाचा ल, देठाचा श आणि हिंदी वळणाचे ल, श यांत फरक आहे. फाँट निवडताना हे दोन आणि अर्धा र, म्हणजे ‘ऱ्या’ मधला, एवढे तपासले तरी बरेच काम होते. आकडे मराठीच. जुन्या फलकावरच्या ५, ८ आणि ९ यांचे वळण आजच्यापेक्षा वेगळे असेल तर ते मुद्दाम जपायची गरज नाही, वाचणारा आजचा आहे.

मजकूर अंतिम झाला की पूर्ण आकारात कागदावर छापून घ्यायचा आणि फलकाच्याच जागी तीन दिवस चिकटवून ठेवायचा. सकाळी दूध आणायला जाणारी, संध्याकाळी कट्ट्यावर बसणारी, सगळी माणसे वाचतात आणि फुकटात मुद्रितशोधन होते. आम्ही चौघांनी सहा वेळा वाचलेल्या मजकुरात ‘शुध्द’ राहिला होता. तो सातवीतल्या एका मुलीने काढला. ‘शुद्ध’ मध्ये आधी द, मग ध. आणखी एक उपाय म्हणजे शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे उलटे वाचणे. अर्थ लागत नाही म्हणून डोळा घसरत नाही. यानंतरच अक्षरांचे रेषांमध्ये रूपांतर करून फाइल बंद करायची. एकदा रेषा झाल्या की कुठल्याही मशीनवर अक्षर मोडत नाही, पण मग चूकही दुरुस्त होत नाही.

दगड कोणता, यावर मतभेद झाले. आपल्या भागाचा दगड म्हणजे काळा पाषाण, बेसाल्ट. सांगलीचे गणपती मंदिर काळ्या पाषाणाचेच, आणि तालमीचे जोतेही. मन त्याच दगडाकडे ओढत होते. पण त्यात वायूच्या फुग्यांची भोके आणि पांढऱ्या खनिजाचे दाणे असतात. दीड-दोन इंची अक्षर असेल तर टाकीने सुंदर निघते. एक इंची अक्षरात अनुस्वाराच्या जागी नेमका पांढरा दाणा येतो आणि टवका उडतो. शेवटी शीर्षकाची चौकट आणि खालचा आधार काळ्या पाषाणात, आणि मजकुराची पाटी काळ्या ग्रॅनाइटमध्ये, असे केले. पाटी ३० मिलिमीटर जाडीची घेतली. बाजारात १८-२० मिलिमीटरच्या लाद्या सहज मिळतात, पण कोपऱ्याला भोक पाडले की त्या चिरतात. तीन बाय दोन फुटांची ३० मिलिमीटरची पाटी सुमारे ५० किलो भरते. उचलायला चार माणसे आणि खाली उशी म्हणून दोन पोती भुसा ठेवला. पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत नको. समोरचा रस्ता त्यात दिसतो, अक्षरे दिसत नाहीत. घोटीव पण मंद असा पोत मागितला.

खोदाई दोन प्रकारे होते. चिकट रबरी पत्रा लावून, अक्षरे कापून, उघड्या भागावर दाबाने वाळू मारतात. यात ‘ब’, ‘ठ’, ‘भ’, ‘क’ यांच्या पोटातले छोटे तुकडे पत्र्यावरून निघून जातात आणि पोट भरलेला ‘ब’ ‘व’ सारखा दिसतो. वाळू मारण्याआधी एकेक पोट मोजून घ्यावे. आमच्या मजकुरात ६१ होते, दोन निसटले होते. दुसरा प्रकार संगणकावरच्या यंत्राने इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच. नव्वद अंशांचे पाते असेल तर खाचेची खोली रेघेच्या रुंदीच्या निम्मी येते: चार मिलिमीटर रेघ, दोन मिलिमीटर खोल. म्हणून बारीक, नाजूक फाँट घेतला की खाच उथळ होते आणि रंगाशिवाय वाचताच येत नाही. रेघ किमान चार मिलिमीटर ठेवावी. शिरोरेषा आणि अनुस्वार यांच्यात दोन मिलिमीटरपेक्षा कमी दगड उरला तर तो पूल तुटतो आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. आम्ही सगळे अनुस्वार एक मिलिमीटर वर उचलले.

रंगाचे थोडक्यात. सोनेरी पावडरीचा रंग दोन पावसाळ्यांत तपकिरी पडतो, कारण ती पितळेची पूड असते. खरा सोन्याचा वर्ख टिकतो, पण खर्च वेगळा. एपॉक्सी उन्हात पिठूळ होतो. आम्ही बाहेरच्या उन्हात टिकणारा पांढरा पॉलियुरेथेन भरला.

बसवणी हा खरा धोक्याचा भाग. गावभागातल्या जुन्या भिंती म्हणजे खाली दगडी जोते, वर लाकडी चौकटीत माती-चुन्यात बांधलेली वीट. त्या विटेत खुंटी धरत नाही. हाताने ओढली तर बाहेर येते. म्हणून पाटी जोत्याच्या दगडावर घेतली आणि खालून पाषाणाच्या आधारावर टेकवली. वजन आधारावर, खुंट्या फक्त पुढे झुकू नये म्हणून. खुंट्या स्टेनलेस स्टीलच्या, आठ मिलिमीटर जाडीच्या, चार. साध्या सळईच्या कधीही नकोत: गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दगड आतून फोडतो. जुन्या फलकाचा कोपरा असाच उडाला होता. मागे गंजलेली पट्टी सापडली. भोके कडेपासून अडीच इंचांवर, दहा मिलिमीटरची, भिंतीत चार इंच खोल. भोकातली धूळ फुंकून, ब्रश फिरवून, परत फुंकायची, हे तीनदा. धूळ राहिली तर चिकटवायचे रसायन धुळीलाच चिकटते आणि खुंटी दोन महिन्यांनी हलते. भोक ओले असतानाही तेच. आम्ही मार्च निवडला तो यासाठी. रसायन भरल्यावर चोवीस तास पाटी दोरीने बांधून ठेवली.

पाटी आणि भिंत यांत १२ मिलिमीटर फट ठेवली आहे. मागे सिमेंटचे पाच गोळे मारून लादी चिकटवायची पद्धत सोपी असते, पण गोळ्यांमध्ये पाणी साचते, भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि सिमेंटमधले क्षार दगडावर पांढरे फुटतात. कृष्णाकाठच्या भिंतींना आधीच ओल आणि लोणा. आधाराचा पाषाण जोत्यात बसवताना चुना आणि वाळू एकास तीन, सिमेंट नाही. वरती दोन इंच पुढे आलेली पाषाणाची पट्टी आणि तिच्या खालच्या बाजूला बोटभर खाच, म्हणजे पावसाचे पाणी पाटीवर न ओघळता खाचेतून खाली पडते. पातळी पाण्याच्या नळीने काढली. तालमीचे जोते स्वतःच पाऊण इंच खचलेले निघाले. पाटी जोत्याला समांतर लावली असती तर तिरकी दिसली नसती, पण शिरोरेषांच्या आठ ओळी पातळीत नसल्या की डोळ्याला लगेच खुपते असा पाथरवटाचा आग्रह होता. पातळी पाळली.

उंचीवर दोन बैठका झाल्या. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि गावभागात घरांत शिरले होते. पुराच्या वर लावायचा तर फलक वाचायला शिडी लागेल. आम्ही मधली उंची पाच फुटांवरच ठेवली. ग्रॅनाइट, स्टेनलेस खुंट्या आणि मोकळी पाठ असलेल्या पाटीला बुडण्याचे फारसे काही नाही. पाणी ओसरल्यावर गाळ वाळायच्या आत साध्या पाण्याने धुवायचा. वाळला की अक्षरांच्या खाचांत तो मातीच्या विटेसारखा बसतो. जोरदार दाबाचा फवारा मारला तर रंग निघतो, तेव्हा बादली आणि ब्रश. जमाखर्चाच्या वह्या मात्र खालच्या कपाटात होत्या. त्या पहिल्या मजल्यावर हलवल्या, पानांचे फोटो काढले आणि एक प्रत गावाबाहेर ठेवली. स्थापनेचा पुरावा तिथे आहे, पाटीवर फक्त निकाल.

जुना संगमरवर फेकला नाही. तो आत, कोरड्या भिंतीवर, पितळी कंसांवर ठेवला आहे आणि खाली छोट्या पट्टीवर ‘इमारतीच्या पायाभरणीचा मूळ फलक’ असे लिहिले आहे. हौद खणल्याचा दिवस वहीवरून सापडला नाही, फक्त वर्ष सापडले, म्हणून नव्या पाटीवर स्थापनेचे वर्ष आणि पायाभरणीची तिथी अशा दोन ओळी आहेत. वर्धापनदिन त्याच जुन्या तिथीला होतो. सवय आहे, आणि त्यात कुणाचे बिघडत नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर तपासणी केली. डावीकडच्या खालच्या खुंटीपासून बोटभर पांढरा ओघळ आलेला. फटीत कुणीतरी उदबत्त्या खोचल्या होत्या, त्यांच्या काड्यांनी पाण्याची वाट अडवली होती. काड्या काढल्या, ओघळ ओल्या फडक्याने निघाला. आता फटीच्या तोंडाला स्टीलची बारीक जाळी आहे आणि उदबत्तीसाठी शेजारी, हाताला येईल असा, पाषाणाचा एक छोटा कोनाडा.